बटाट्याची पेप्सी

टोपावरचं झाकण खडखडलं आणि आम्ही तिघींनी एकदम कॉटकडे पाहिलं. कानिफ दचकला नव्हता.

त्याला दवाखान्यातून घरी आणल्यापासून कुकर माळ्यावर आहे. पहिल्याच दिवशी शिट्टी झाली आणि त्याचं सगळं अंग असं ताठ झालं की आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, धावत जाऊन गॅसच बंद केला. तेव्हापासून बटाटे टोपात शिजतात. वेळ लागतो. तसं आमच्या घरात आता कुठे पोचायचं कुणालाच नसतं.

त्या दुपारी मात्र मला घाई होती. गिळायचा व्यायाम करून घ्यायला नाझनीनताई येणार होत्या. मागच्या खेपेला त्या स्पष्ट बोलल्या होत्या, "वहिनी, नाकातली नळी किती दिवस ठेवणार? घट्टसर, मऊ काहीतरी माझ्यासमोर न ठसकता उतरलं, तर नळी काढायचं डॉक्टरांना सांगता येईल. नाहीतर पोटाला भोक पाडून तिथून भरवावं लागेल. नंतर तोंडाची सवय परत लावणं अवघड जातं."

शिरा झाला, खिमट झालं, केळं कुस्करून झालं. कानिफ घास तोंडात घेई आणि तसाच धरून ठेवी. गालातला घास मी बोटानं काढायचे. आमच्या लेकीला, निकूला, लहानपणी भरवताना असाच काढायचे.

आणि खाण्याच्या बाबतीत हा माणूस किती काटेकोर! नागापूरच्या कारखान्यात मशीनवर काम करायचा आणि सुट्टी आली की सायकल काढायचा. दोनशे किलोमीटर, तीनशे किलोमीटर. सुरुवातीला दुकानातली चिकट गोड पाकिटं न्यायचा. दिवसभर गोड खाऊन पोट ढवळायचं, परत आला की मोरीशी बसून राहायचा. मग म्हणाला, "मोने, मला साधं खायला दे. मीठ लागलेलं. आपल्या घरातलं."

तेव्हापासून जर्सीच्या मागच्या खिशांत खजूर, रताळं, शेंगदाणा-गूळ. आणि उकडलेला बटाटा. चढावर दम लागलेला असताना चावायला नको म्हणून मी तो तूप, जिरं, मीठ घालून अगदी लोण्यासारखा करायचे आणि छोट्या पिशवीत भरायचे. कोपरा दातानं तोडायचा, दाबायचं, गिळायचं, पुढे निघायचं. शाळेबाहेर पिशवीतली बर्फाची पेप्सी मिळते, तशी म्हणून निकूनं तिला नाव दिलं होतं, बटाट्याची पेप्सी.

आत्या खिसे बघून कपाळावर हात मारायच्या. "खजूर, रताळं, बटाटा! आरं, ह्ये तर समदं उपासाचं! उपासाचं खाऊन कुनी दोनशे किलोमीटर जातं व्हय?"

"म्हणून तर पुण्य लागतं, आई."

"पुन्य न्हाई, हाडं लागत्यात हाताला! जरा बघ सवताकडं!"

तो म्हणायचा, भूक लागायच्या आत खायचं. भूक लागली म्हणजे उशीर झाला. आता त्याला भूक लागते की नाही, हेच आम्हाला कळत नाही. आणि आत्या त्याच्यासाठी खरेखुरे उपास धरून बसल्यात. पारनेरच्या उतारावर कुत्रं आडवं आलं आणि तो सायकलवरून डोक्यावर आपटला, त्या दिवसापासून.

नाझनीनताई आल्या. कॉटची उशाकडची बाजू उंच केली, त्याला नीट बसवलं, हनुवटी खाली धरली. मी वाटीतला बटाटा चमच्यानं पुढे केला. त्यानं तोंड उघडलं, घास घेतला आणि थांबला. डोळे भिंतीवर.

"गिळा, कानिफभाऊ. शाब्बास. गिळा."

काही नाही. आत्या दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. मी बोट घालून घास काढला. नाझनीनताईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, तेव्हाच मला कळलं त्या काय ठरवतायत ते.

"आई," निकू माझा गाऊन ओढत होती, "बाबा चमच्यानं नाही खात बटाटा. पेप्सीनं खातात."

मी नाझनीनताईंकडे पाहिलं. त्या जरा घुटमळल्या. "भरा. पण अगदी थोडं. आणि पिशवीला हात माझाही राहील."

कपाटात एकच पिशवी उरली होती. दवाखान्यातून त्याची कापलेली जर्सी मिळाली, तिच्या खिशात ही भरलेलीच निघाली होती. का कुणास ठाऊक, मी ती धुऊन ठेवली होती. पुन्हा उकळत्या पाण्यातून काढली, बटाटा भरला, कोपरा कापला आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

बोटं मिटली. सावकाश हात वर गेला. ताईंचा हात त्याच्या हाताखाली होता, पण नेत होता तोच. कोपरा ओठांत गेला. गळ्याची घाटी वर सरकली, खाली आली. आम्ही ठसक्याची वाट पाहत राहिलो. ठसका आला नाही. मग दुसरा घोट. मग तिसरा.

"बास, बास. सुंदर!" ताई म्हणाल्या. "वहिनी, आज बोलते मी डॉक्टरांशी."

कानिफनं रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि हात पाठीमागे नेला, कमरेच्या वर, जिथे जर्सीचा खिसा असतो. रस्त्यावर कचरा टाकायचा नाही. खिसा सापडेना. हात तिथेच चाचपडत राहिला. मी अलगद पिशवी काढून घेतली.

तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यापासून त्याच्या तोंडून शब्द असा आला नव्हता. ओठ हलले.

"थँक्यू, मॅडम."

एकदा त्याच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा राळेगणच्या फाट्यावर चेकपॉइंट होता, तेव्हा मी आणि निकू पिशव्या घेऊन उभ्या होतो. काळा गॉगल लावून आला, पेप्सी संपवली, घडी घालून खिशात टाकली आणि तोंड सरळ ठेवून म्हणाला, "थँक्यू, मॅडम. कुठल्या गावच्या तुम्ही?" निकूनं भोकाड पसरलं, बाबा आपल्याला ओळखत नाहीत म्हणून. मग गॉगल काढून तो इतका हसला, "गंमत केली गं, येडे!" म्हणत तिला उचलून घेतलं.

मी थांबले. आता हसेल. मी वाकून त्याच्या डोळ्यांत पाहत राहिले. "अहो," म्हटलं, मग आत्या ऐकत होत्या तरी हळूच, "कानिफ." तो पाहत होता, सभ्यपणे, वाटेत पाणी देणाऱ्या कुणाकडे बघावं तसा. की ओठाचा कोपरा जरासा हलला होता? बटाटा लागला होता तिथे. मी पुसला.

निकू कॉटच्या कडेला हनुवटी टेकवून कधीची वाट बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"आई, बाबांनी गंमतच केली ना?"