नूतनचे सात कपडे

एटापल्लीकडे तीन महिने काढून नूतन परतली तेव्हा तिच्या खांद्याला एकच पिशवी होती. आरोग्य खात्याच्या सर्वेक्षणासाठी तिला तिकडे पाठवलं होतं. गावोगाव फिरायचं, मुक्काम कधी शाळेत, कधी अंगणवाडीत. ओझं नको म्हणून तिने मोजके सात कपडे नेले होते. तीन कुर्ते, दोन सलवारी, एक मोठी ओढणी आणि एक मरून सुती साडी. करडा कुर्ता काळ्या सलवारीवर फिरतीला, तोच पांढरीवर मीटिंगला. ओढणी उन्हात डोक्याला नि पहाटेच्या गारठ्यात अंगावर. 'आज काय घालू' हा प्रश्न तीन महिन्यांत एकदाही पडला नाही. लग्नानंतर तिचं डोकं इतकं हलकं कधी झालं नव्हतं.

बल्लारपूरच्या घरी येऊन तिने कपाट उघडलं तर वरच्या कप्प्यातून तीन साड्या अंगावर घसरल्या. लग्नातल्या, बारशातल्या, कुणी दिल्या म्हणून घेतलेल्या. कितीतरी साड्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती. तिने सगळ्या बाहेर काढून पलंगावर ढीग घातला. नवरा अश्वजित मिलमधून पहिली पाळी करून आला नि दारातच थबकला.

"आईला विचारलंस?"

"कपडे माझेच आहेत ना?"

तो डबा ठेवायला आत गेला. दुसऱ्या दिवशी भांडेवाली गल्लीत आली, तीन गाठोडी घेऊन गेली आणि एक स्टीलचं पातेलं देऊन गेली. नूतनला पातेल्याचीही हौस नव्हती. मोकळं कपाट पाहून मात्र तिला हायसं वाटलं.

सासू ठमाबाई तेव्हा मूल गावी लेकीकडे होती. पंधरा दिवसांनी परतली ती आनंदाची बातमी घेऊनच. नात दिव्यानीचं लग्न ठरलं होतं. चहा पिता पिता ती म्हणाली, "नूतन, मंगल परिणयाच्या दिवशी ते पोपटी नेसजो. मरून काठाचं. तुले खुलते ते."

नूतनने कप खाली ठेवला. "आई, ती साडी मी देऊन टाकली. मरून सुती आहे ना माझी, तीच नेसेन."

"देऊन टाकली? कोनाले?"

"भांडेवालीला."

ठमाबाई उठून कपाटापाशी गेली. दार उघडून बराच वेळ आत पाहत राहिली. हँगरवर कुर्ते, खाली एक साडी. ती हळूच दार लावून मागच्या अंगणात जाऊन बसली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

पोपटी साडी तिनेच आणली होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची ती, चौदा वर्षं. ते काम सुटलं तेव्हा शेवटच्या मानधनातून तिने सुनेला घेतलेली ती साडी. नूतनला हे माहीत होतं. ढीग उपसताना ती साडी तिच्या हाताला लागलीही होती. पण एक ठेवली तर दुसरी ठेवावी लागेल, दुसरी ठेवली तर तिसरी, असं म्हणत तिने ती गाठोड्यात कोंबली होती. 

तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. चौथ्या दिवशी नूतन अंगणात जाऊन सासूजवळ बसली. "आई, रागवा माझ्यावर. पण असं गप्प राहू नका."

ठमाबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच ती बोलायला लागली.

"आमी राजुऱ्याकडं ऱ्हात होतो तवाची गोष्ट. घरात दोन सुना, मी अन् माही जाऊ. आमच्या दोघीत एक धड लुगडं. जे बाहेर जाईन ते नेसन. दुसरीनं फाटकं गुंडाळून घरात बसाचं. एका सकाळी मानूस आला, म्हने तुही माय जाऊन राह्यली, तोंड पाहाले लवकर चाल. अन् जाऊ तर बाजारात गेली, लुगडं नेसून."

"मग?"

"मंग काय? वाट पाहत बसली मी. दिवस डुबला तवा ते आली. दुसऱ्या दिवशी पोचली त माती होऊन गेली होती." तिने सुपातला खडा काढून दूर फेकला. "फाटक्यातच गेली असती त काय झालं असतं? कोनी मारलं असतं का मले? लाज वाटली. त्या लाजेपायी मायचं तोंड नाई पाह्यलं. बाबासाहेबानं सांगतलं, नीट ऱ्हा, चांगलं नेसा. कपाटभर साड्या पाह्यल्या का मले वाटे, आपन तिथून लय दूर आलो. आता सांग, तुले कोनी जबरदस्ती केली का सात कपड्याची?"

 कमी कपड्यांत आपल्याला जे मोकळं वाटतं, ते या बाईच्या गळ्याला फास होऊन बसलं होतं, हे नूतनला कधी सुचलंच नव्हतं.

रविवारी ती स्कूटर घेऊन भांडेवालीची वस्ती शोधत निघाली. बाई सापडली. नूतनला तिने ओळखलं, चटई टाकून बसवलं, आणि साडीचं नाव काढताच हसली. "पंधरा दिवस कोन ठेवते बाई? गठ्ठे बांधले का गाडीवर जाते. कोनाच्या अंगावर गेलं, का गोधडीत गेलं, काय सांगू?" तरी नूतनने कोपऱ्यातले दोन गठ्ठे सोडवून पाहिले. पोपटी रंग दिसला, पण ती कुणाची तरी नायलॉनची साडी होती.

घरी येऊन तिने सांगून टाकलं. "शोधली आई. नाही मिळाली."

"मी कुठी म्हनलं शोध म्हून?" एवढंच बोलून ठमाबाई चूल पुसायला लागली.

मूलला दिव्यानीच्या लग्नात नूतन मरून सुती साडीच नेसून गेली. नवी घ्यावी असं दोनदा मनात आलं. दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊनही आली. पण नवी साडी नेसून सासूसमोर उभं राहणं म्हणजे उसनं सोंग झालं असतं. मंडपात त्रिशरण-पंचशील झालं, पंगती बसल्या, आणि नणंदेच्या जावेने, रंजीताने, बायकांत बसल्या बसल्या मोठ्याने विचारलंच, "नूतन, आमच्या घरच्या बारशालेही हेच होती ना? अश्वजितभाऊ घेऊन देत नाई का?"

दोघी-तिघी हसल्या.  नूतन काही बोलणार, तोच पलीकडून ठमाबाईचा आवाज आला.

"तिच्यापाशी कपाटभर होत्या. नको वाटल्या, देल्या. आमच्यापाशी नव्हत्याच. तू तिले कायले हसून राह्यली?"

रंजीता चपापली, पानातले बुंदीचे दाणे चिवडत बसली. नूतनने सासूकडे पाहिलं, पण ठमाबाईने तिच्याकडे नजर वळवली नाही. ते बाजू घेणं होतं की गाऱ्हाणं, हे नूतनला जेवण संपेपर्यंत कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये जागा शेजारीच मिळाली. बाहेर सागाचं रान मागे पडत होतं. बऱ्याच वेळाने ठमाबाई खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "मी मेल्यावर माह्या साड्याचं काय करशील?"

खोटं बोलणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं, की जपून ठेवेन, नेसेन.

"मला माहीत नाही, आई," नूतन म्हणाली.

ठमाबाईने मान हलवली. पुढे एक थांबा आला, गेला. उतारू चढले. कंडक्टरने घंटी मारली. मग तिने पदराचं टोक नाकाला लावलं आणि म्हणाली, "खिडकी लाव. धूळ येऊन राह्यली."

नूतनने हात लांब करून खिडकी ओढली. ती अर्ध्यावर अडकली. दोघींनी मिळून जोर लावला तरी पूर्ण लागली नाही.