आधी हाक मार

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं कमळ म्हणायची, आणि त्यात तिला काही गर्व वाटत नसे. भरती येते, ओहोटी येते, तसंच हेही. तिला फसवणार तरी कोण? मालाडच्या बाजारात जिनं सासूच्या शेजारी बसून पाटी मांडायला सुरुवात केली आणि आता स्वतःच्या सुनेला शेजारी बसवलं, तिला विकणाऱ्यांच्या सगळ्या युक्त्या माहीत होत्या. त्यातल्या निम्म्या तिच्याच होत्या. पापलेटावर पाण्याचा हात कधी फिरवायचा, पाटीत वर काय ठेवायचं नि तळाशी काय, पिवळा बल्ब किती खाली टांगला म्हणजे सुरमईच्या तुकड्यावर तेज चढतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

म्हणून नात हेमांगीला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा कमळनं पदर खोचला आणि जाहीर केलं, "मी घेणार. तुम्ही कोणी मध्ये पडायचं नाही."

ठरलं म्हणजे तरी काय, निम्मंच ठरलं होतं. हेमांगीला अंधेरीच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला होता. तिथं व्हिडिओ गेम बनवायला शिकवतात. सोमवारी वर्ग सुरू होणार होते, आणि घरी स्वतःचा दणकट कॉम्प्युटर असल्याशिवाय त्या वर्गात बसून उपयोग नव्हता. कमळचा मुलगा दिपेश, म्हणजे हेमांगीचा बाप, शनिवारी सकाळी जाळं शिवता शिवता म्हणाला, "गेम खेळायला लोक पैसे घालवतात, बनवायला कोण देणार? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! कमळच्या बापानंही तिच्या पाचवीच्या वेळी हेच म्हटलं होतं. ते पुढचं वर्ष अजून यायचं होतं.

"दिप्या," कमळ म्हणाली, "मालवणीच्या व्हिडिओ पार्लरमधून तुला कान धरून कोणी बाहेर काढलं होतं रे? आठवतंय ना? मिशीवाला माणूस उड्या मारत होता, आणि तू म्हणालास, आये, एवढा खड्डा पार करू दे."

"मग तूच उभी राहिलीस ना बघत!"

"राहिले. पार केलास की नाही ते बघायला नको?"

दिपेश हसला, पण बधला नाही. "आज आणलास तर आणलास, आये. रिकाम्या हातानं आलीस तर यंदाचा विषय संपला. मग हिनंही तोंड पाडून बसायचं नाही."

"ऑनलाइन मागवू ना आजी," हेमांगी बसस्टॉपवर म्हणाली. "सगळे तसंच घेतात."

"फोटोत मासा ताजाच असतो," कमळ म्हणाली आणि मढहून मालाडला जाणाऱ्या बसमध्ये चढली.

दुकान मालाड स्टेशनच्या बाहेरच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. आत पाऊल टाकताच कमळ थबकली. भिंतीला लागून काचेच्या कुशीचे कॉम्प्युटरचे डबे ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकाच्या पोटात लाल, हिरवे, जांभळे दिवे पळत होते. गणपतीतली आरास परवडली.

दुकानदाराचं नाव सर्वेश. दाढी कोरलेला, तिशीतला मुलगा. हेमांगीनं मोबाईलवर लिहून आणलेली नावं त्यानं वाचली, मान हलवली आणि एक डबा पुढं ओढला. "झकास चॉइस आहे. बसा ना मावशी."

कमळ बसली नाही. तिनं डब्याला बोट लावलं. "हे दिवे कशाला?"

"आरजीबी आहे. दिसायला भारी वाटतं."

"त्यानं मशीन जास्त पळतं?"

"नाही, पळण्याचा तसा काही संबंध नाही."

"मग पाणी मारलंय," कमळ हेमांगीला म्हणाली.

"आजी, प्लीज! मला आवडतात दिवे."

"गिऱ्हाइकाला आवडतं म्हणूनच तर मारतात गो." मग ती सर्वेशकडं वळली. "बरं, मला सांग. मासा आधी पोटात सडतो. यातलं आधी काय सडतं?"

सर्वेश जरा थांबला. हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारला नसावा. "पॉवर सप्लाय," तो म्हणाला. "लोक सगळा पैसा बाकीच्या पार्टवर घालतात आणि हा स्वस्तातला घेतात. मग तो जातो, आणि जाताना दुसऱ्यांना घेऊन जातो. तुमच्या यादीत चांगला लिहिलाय. तो बदलू नका."

स्वतःच्या मालाचं काय नासतं ते सांगणारा विकणारा कमळनं क्वचितच पाहिला होता. पोरगा सरळ दिसतोय, असं तिनं मनात धरलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सरळ माणसाशीही घासाघीस करावीच लागते. नाही केली तर त्याला वाटतं, आपण भाव कमी सांगितला.

तिनं आकडा विचारला, ऐकला, आणि शांतपणे त्याचा निम्मा सांगितला.

सर्वेश हसला. "मावशी, फिक्स रेट आहे. बिल देतो, वॉरंटी देतो."

"माझीही पाटी फिक्स रेटचीच असते, पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत."

"खरंच नाही होणार. आणि घ्यायचा असेल तर आजच घ्या. मेमरीचे भाव दर आठवड्याला चढतायत. या ग्राफिक्स कार्डाचाही हा शेवटचाच पीस आहे."

झालं! शेवटचाच! कमळला हसू आवरेना. एकाच पाटीतून शेवटची घोळ मासळी तिनं एका सकाळी चार चार बायकांना विकली होती. आणि 'उद्या महागणार' हे तर तिचं रोजचंच होतं. तिनं पिशवी उचलली. "चल गो हेमांगी."

"आजी..."

"चल म्हटलं ना."

हे निघून जाणंही एक कसब असतं. पाय भराभर टाकायचे नाहीत आणि मागं बघायचं नाही. तिकडं विकणारीही मनात अंदाज बांधत असते. लवकर हाक मारली तर माल शिळा ठरतो, उशिरा मारली तर गिऱ्हाईक शेजारणीच्या पाटीवर वाकलेलं असतं. कमळ दारापर्यंत आली. हाक आली नाही. ती जिना उतरायला लागली, गुडघे दुखत असल्यासारखी, वास्तविक ते दुखत नव्हते. हाक आली नाही. ती रस्त्यावर येऊन उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहिली.

"आता बोलावेल."

"नाही बोलावणार," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तिथं तसं नसतं आजी. फिक्स म्हणजे फिक्स. वाट लागली सगळी." तिनं मोबाईल पुढं धरला. "हे बघ, ऑनलाइन तेच कार्ड शोधलं. इथं संपलंय. इथंही संपलंय. इथं आहे, पण केवढं महाग. तो खोटं बोलत नव्हता."

"म्हणजे शेवटचंच आहे?"

"हो."

कमळनं वळून जिन्याकडं बघितलं. तिला मे महिन्यातला एक दिवस आठवला, बराच जुना. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आधीचा शेवटचा बाजार होता. कांदिवलीच्या नीलमबाई पाटीवर वाकल्या होत्या. शाळेत शिकवायच्या, दर रविवारी यायच्या. कमळ म्हणाली, "आज घेऊन जा बाय, उद्यापासून बोटी बंद." आणि नीलमबाई हसून म्हणाल्या, "तुझं उद्या रोजचंच असतं गं," आणि चालू लागल्या. खरं तेच सांगितलं होतं त्या दिवशी, पण खऱ्याला काही वेगळा आवाज नसतो. नीलमबाई फुलवाल्यापाशी जाऊन थांबल्या. दुसरीकडं मासा नव्हता हे त्यांना दिसलं होतं, पण परत फिरता येईना. कमळला ते पाटीवर बसल्या जागेवरून कळलं. तिनं हाक मारली, "अगो बाय, या, तुमचं राहिलंय इथं!" काही राहिलं नव्हतं. पण परत येणाऱ्याची लाज दोघांनी मिळून उचलायची असते. बाजार त्याच्यावरच चालतो.

आणि हा मुलगा हाकच मारत नव्हता.

तेवढ्यात कॉलेजातली दोन मुलं बोलत बोलत जिना चढून वर गेली. हेमांगीनं त्यांच्याकडं बघितलं, मग आजीकडं बघितलं, आणि काही बोलली नाही. ते तिचं न बोलणं कमळला लागलं. पोरगी मनातल्या मनात पुढच्या वर्षाची तयारी करत होती.

"मी जाऊन घेऊन येते," हेमांगी शेवटी म्हणाली. "तू इथंच थांब."

"घेणारी मी आहे." कमळनं पदर पुन्हा खोचला. "आणि मी कधी न बोलावता कोणाच्या पाटीवर परत गेलेली नाही. आजही जाणार नाही. चल वर."

"आजी, काय बोलतेस तू?"

"चल तर."

वर त्या दोघांतल्या एकानं कार्डाचा खोका हातात घेतला होता आणि उलटसुलट करून वाचत होता. "शेवटचा पीस आहे," सर्वेश त्याला सांगत होता.

"सगळे असंच बोलतात, बॉस," मुलगा म्हणाला.

खरं बोलतोय रे तो, असं कमळच्या अगदी जिभेवर आलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. नातीचा माल होता.

मुलानं खोका काउंटरवर ठेवला आणि दोघं हेडफोन बघायला आत गेले. कमळ उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सर्वेशचं लक्ष गेलं. "काय मावशी, काही विसरलात का?"

"मी नाही, तू विसरलास."

"मी?"

"गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं आणि तू हाक मारली नाहीस. मी अजून दाराबाहेर आहे. अजून वेळ गेलेली नाही. मार."

हेमांगीनं ओढणीत तोंड लपवलं. सर्वेश बघतच राहिला. "मावशी, पण तुम्ही आलाच आहात ना? आत या की."

"अशी कशी येऊ? घरी मासे खाता ना? आई बाजारात जाते ना?"

"जाते. मीसुद्धा जायचो, पिशवी धरायला."

"मग ती निघाली की कोळीण काय करते?"

सर्वेशच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. त्यानं हातातलं पेन ठेवलं, काउंटरवर दोन्ही हात टेकले, आणि गळा मोकळा सोडून ओरडला, "ओ मावशी! अहो कुठं चाललात? या इकडं! सकाळपासून तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय, दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही!"

हेडफोनपाशी उभी असलेली मुलं दचकली. शेजारच्या मोबाईलवाल्यानं मान बाहेर काढली. कमळनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं, जरा वेळ घेतला, आणि मग उंबरा ओलांडला.

"एवढं बोलावतोस तर येते," ती म्हणाली. "आवाज बरा आहे तुझा. पण हातसुद्धा लावू दिला नाही, हे खोटं."

"तेवढं चालतं ना मावशी?"

"तेवढं चालतं. भाव?"

"तोच आहे."

"असू दे. वर काय घालतोस?"

सर्वेशनं माऊसखाली घालायची चटई काढून ठेवली. कमळ नुसती बघत राहिली. त्यानं एक कीबोर्ड साफ करायचा ब्रश ठेवला. ती तरीही बघतच राहिली. त्यानं हसून दिवेवाला माऊस ठेवला.

"हां. वर घालायची कोळंबी मोजायची नसते," कमळ म्हणाली. "आणि तो दिव्यांचाच डबा दे. पोरीला आवडतो. बल्ब मीही लावतेच की."

हेमांगीनं मोबाईलवरून पैसे भरले. काउंटरवरचा छोटा डबा मोठ्यानं रक्कम बोलला तेव्हा कुठं कमळनं मान डोलावली. इतक्या वर्षांत आलेल्या सगळ्या यंत्रांत तिचा खरा विश्वास याच एकावर होता. तसलाच एक तिच्या पाटीशेजारीही होता. तो चार माणसांत बोलतो, त्यामुळं नंतर कोणी नाही म्हणू शकत नाही.

जोडणी होईपर्यंत ती स्टुलावर बसून प्रत्येक तुकडा आत जाताना बघत राहिली. बघता बघता तिला कोळीवाड्यातला पहिला टीव्ही आठवला. तो जिच्या घरी आला, तिनं सुकटीच्या वासानं बिघडेल म्हणून आठवडाभर अंगणात बोंबील वाळत घातले नव्हते. धर्मा, कमळचा नवरा, समुद्रावर ट्रान्झिस्टर न्यायचा तो सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून. दिपेशनं होडीवर जीपीएस बसवलं तेव्हा धर्मा महिनाभर त्या यंत्राशी बोलला नाही, आणि मग एका धुक्याच्या पहाटे त्यानं हळूच विचारलं, "काय म्हणतोय रे तुझा तो?" घरात आलेलं प्रत्येक यंत्र आधी पाहुणा होतं, मग घरचं झालं. हेही होईल.

सर्वेशनं कळ दाबली. डब्यात दिवे पळाले, पंखे गुणगुणले, पडदा उजळला. हेमांगीनं आजीचा दंड घट्ट धरला.

"टेम्पोनं उद्या संध्याकाळी पोचवतो," सर्वेश म्हणाला.

"उद्या नाही. आज." कमळनं पिशवीतून कापडाची चुंबळ काढली. ती नसली की तिला डोकं उघडं वाटायचं, म्हणून नेहमी बरोबर असे. तिनं चुंबळ डोक्यावर बसवली. "उचलून दे. पाटी याच्याहून जड असते."

पडद्याचा खोका हेमांगीनं छातीशी धरला आणि दोघी बाजारातून बसस्टॉपकडं निघाल्या. कमळ पुढं, मान ताठ, पावलं एका लयीत. गर्दी आपोआप बाजूला होत होती, जशी ती पाटीसाठी होते. भाजीवाली माणिक ओरडली, "कमळे, दुपारचं काय आणलंस गो?"

"ताजं आहे, हात लावू नको!"

मागून आणखी एका बाईचा आवाज आला, जरा घाईचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाचा. "मावशी, ओ मावशी, थांबा ना, काय आहे? कसं दिलंत?"

डोक्यावर ओझं असताना कोळीण मान वळवत नाही. कमळनंही वळवली नाही.

"हेमांगी," ती चालता चालता म्हणाली, "सांग गो त्यांना. शेवटचाच होता."