भिमाबाईंची गाडी

सावळीरामांनी ती जुनी टेम्पो ट्रॅव्हलर जेल रोडच्या कॉलनीत आणून उभी केली, तेव्हा तिच्यात पाय ठेवायची सोय नव्हती. सिन्नरच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करून करून बिचारी पार थकली होती. पत्रा गंजलेला, सीटांचा स्पंज उंदरांनी खाल्लेला, मागचं दार दोरीनं बांधलेलं. शेजाऱ्यांनी विचारलं, भंगारचा धंदा सुरू करताय का? सावळीराम नुसते हसले. छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मशिनी दुरुस्त केलेला माणूस. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात, त्याला कोण काय करणार?

पण या वेळी नुसती हौस नव्हती. त्यांची बायको भिमाबाई, लग्न झाल्यापासून माहेर आणि दवाखाना सोडून फारशी कुठे गेल्याच नव्हत्या. आधी नवऱ्याच्या प्रेसमधल्या पाळ्या, मग मुलाचं शिक्षण, मग सासूचं आजारपण. ते सगळं सरलं, तरी बाई काही घराबाहेर पडेनात. कॉलनीतल्या बायका नागपूरला जाऊन आल्या, दोनदा अजिंठ्याला जाऊन आल्या. भिमाबाई त्यांना गाडीपर्यंत सोडायला जायच्या आणि परत यायच्या. विचारलं तर एकच उत्तर, गुडघे दुखतात. सावळीरामांनी मनाशी पक्कं केलं. गुडघे दुखतात ना, मग पलंगच घेऊन जाऊ. पण बायकोला अजिंठ्याची लेणी दाखवायचीच.

तर काम सुरू झालं. प्रेसमधली सवय अशी, की मागणी लेखी असल्याशिवाय स्क्रूलासुद्धा हात लावायचा नाही. त्यांनी घरच्यांना बसवलं आणि वही उघडली. मुलगा अश्विन म्हणाला, पंखे हवेत. सून सायली म्हणाली, कपड्यांना कप्पे हवेत. नात सृष्टीला खिडकीजवळची वरची बर्थ हवी होती आणि मोबाईलला चार्जिंग. सगळं वहीत उतरलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं.

"तुझं सांग."

"मला काही नको," भिमाबाई म्हणाल्या.

आता कोणत्याही मराठी घरात बाई 'मला काही नको' म्हणाली, की शहाण्या माणसानं पुन्हा दोनदा विचारायचं असतं. पण सावळीरामांनी वहीत भिमाबाईंच्या नावापुढे 'काही नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही मिटली. धन्य तो माणूस.

पुढचे चार महिने कॉलनीला ग्राइंडरच्या आवाजाची सवय झाली. वेल्डिंगला रवी यायचा, त्याचं शिंदे गावाकडे वर्कशॉप होतं. दोघांनी सडलेली जमीन उपटली, नवा पत्रा मारला, प्लायवूड बसवलं, पांढरा रंग दिला. सावळीरामांचं माप सुतात चालायचं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि अर्ध्या सुतानं फळी चुकली तरी ते रवीला ती परत काढायला लावायचे. रवी वैतागायचा, पण काम बघून खूश व्हायचा.

सगळ्यात देखणा झाला तो ओटा. स्टीलचा, चकचकीत, दोन बर्नरची शेगडी, छोटं बेसिन, मसाल्याच्या डब्याला खास खाच. तो त्यांनी कुणी न मागता केला होता, बायकोसाठी. म्हणजे बघा, आयुष्यभर ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईला सहलीला न्यायचं, तर सोबत काय द्यायचं, तर ओटा. पण प्रेमानं दिला होता हो, त्यात खोट नव्हती.

दिवस ठरला, शनिवार, सकाळी सहा. आणि गुरुवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता भिमाबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घर बघते. गुडघे फार धरलेत."

सावळीरामांच्या पायाखालची जमीनच सरकली. "अगं, पण पलंग केलाय तुला. झोपून चल."

"नको. सृष्टीला न्या, तिला मजा येईल."

"मग हे सगळं मी कोणासाठी केलं?"

भिमाबाई मेथीची एकेक काडी मोडत राहिल्या. सावळीरामांना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आपल्याबरोबर यायचंच नाही हिला, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते तरातरा बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. उद्याच विकून टाकतो, असं स्वतःशीच दोनदा म्हणाले.

थोड्या वेळानं सायली चहा घेऊन आली. कप ठेवला तरी जाईना. सुनेनं सासऱ्याशी बोलावं असा तो विषयच नव्हता, म्हणून ती बराच वेळ ओट्यावरून बोट फिरवत राहिली.

"बाबा, आई कुठे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात. माहितेय तुम्हाला?"

"पाणी? ते कशाला?"

"वाटेत जायचं कुठे? पिशवीच्या ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ धरवत नाही." तिनं खाली बघितलं. "सटाण्याच्या लग्नाला आपण जीपनं गेलो होतो, आठवतं? आईंनी तुम्हाला गाडी थांबवायला सांगितली होती."

सावळीरामांना आठवलं. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागून हाक आली होती, आणि ते मान न वळवता म्हणाले होते, आलंच की आता, दहा मिनिटं दम धर. दहा मिनिटांचा चांगला पाऊण तास झाला होता.

"मी शेजारीच होते," सायली म्हणाली. "माझी शाल गुंडाळली त्यांना. सगळे उतरून गेले तरी त्या जीपमध्येच बसून राहिल्या. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. आठ वर्षं मी सांगितलं नाही."

त्या दिवशी बायको जेवायला उतरली नाही म्हणून आपण चारचौघांत तिच्यावर डाफरलो होतो, हेही सावळीरामांना आठवलं. आणि त्याच प्रवासात पुरुषमाणसांसाठी जीप दोनदा झाडाखाली थांबली होती. लाजेनं त्यांचे कान तापले. चहा तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ओट्याचे बोल्ट काढायला घेतले. रवी धावत आला. "काका, एवढं झकास काम आणि काढताय?" सावळीराम म्हणाले, "चुकीचं काम आहे. धर त्या बाजूनं."

आवाज ऐकून भिमाबाई बाहेर आल्या. अंगणात ओटा आडवा पडलेला. रवीला सावळीरामांनी प्लायवूड आणायला पिटाळलं, आणि दोघंच उरल्यावर म्हणाले, "तिथे संडास बसवतोय. खाली टाकी असलेलं कमोड मिळतं. भिंती, दार, सगळं करतो."

भिमाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी घराकडे, सायलीच्या खिडकीकडे बघितलं.

"तिला बोलू नकोस," सावळीराम म्हणाले. "तू सटाण्याच्या वाटेवर मला गाडी थांबवायला सांगितली होतीस. मी थांबवली नाही. माझं चुकलं, भिमा."

एवढ्या वर्षांत हे तीन शब्द त्या घरात कुणी या आवाजात ऐकले नव्हते. भिमाबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग गाडीत चढून ती रिकामी जागा नीट बघितली.

"कडी आतून हवी," त्या म्हणाल्या. "आणि उठताना धरायला दांडी लावा. गुडघे खरंच दुखतात."

सावळीरामांनी वही आणली आणि 'काही नाही' खोडून दोन्ही मागण्या लिहून घेतल्या.

पुढच्या शनिवारी सहाला गाडी निघाली. सावळीराम स्वतः चालवत होते, भिमाबाई त्यांच्या मागच्याच सीटवर. निफाड गेलं, ऊन वर आलं, सृष्टी वरच्या बर्थवर गाणी म्हणत होती. येवल्याच्या अलीकडे मागून आवाज आला.

"अहो, गाडी थांबवा."

सावळीरामांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मान वळवली. "काय गं? दार अडकलं का? पाणी येत नाही?"

भिमाबाई खिडकीपाशी निवांत बसल्या होत्या. हातात पाण्याची बाटली, अर्धी संपलेली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "थांबवता का, ते बघितलं."

सावळीराम तसेच मान वळवून बायकोकडे बघत राहिले.

"चला आता," भिमाबाई म्हणाल्या.