हॅब्सबर्ग घराण्याचा उत्तरार्ध

"सम्राटाला मुलगा नव्हता," सरोजिनीबाई म्हणाल्या, "म्हणून गादीवर आली..." आणि त्या थांबल्या.

सानपाड्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्या रांगेत बसलेल्या दिलीपरावांच्या ओठांवर नाव आलं होतं. गेले कित्येक महिने सकाळच्या चहाबरोबर ते बायकोकडून, म्हणजे सरोजिनीबाईंकडून, ही नावं घोटून घेत होते. एरवी त्यांना इतिहासात काडीचा रस नव्हता. उभा जन्म जासईच्या कंटेनर यार्डात कस्टममधून माल सोडवण्यात गेला. ऑस्ट्रिया काय नि ऑस्ट्रेलिया काय, त्यांना सारखंच.

मागच्या वर्षी बाईंनी इथेच ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा पूर्वार्ध रंगवून सांगितला होता. डोंगरावरच्या एका लहानशा किल्ल्याचे सरदार; लढण्यापेक्षा सोयरिकी जमवून त्यांनी मुलूख मिळवला आणि पाहता पाहता अर्ध्या युरोपवर अंमल बसवला. उत्तरार्ध पुढच्या महिन्यात, असं सांगून बाई घरी आल्या आणि आठवड्याच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. सारी नोकरी वर्गात बोलण्यात घालवलेल्या बाईला 'पाणी' म्हणता येईना. थोडं बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी पहिला हट्ट धरला तो या व्याख्यानाचा. लेकीनं, अस्मितानं, सुचवलं की लिहून काढ, कोणीतरी वाचून दाखवेल. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मा..." बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी काहीतरी सुचवू लागलं. दिलीपरावांनी न वळताच हात वर केला. आज एक नाव पुरवलं तर पुढचं सगळंच पुरवावं लागेल आणि मग व्याख्यान तिचं राहणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"मारिया तेरेसा," बाई म्हणाल्या. "लढाया... आणि बाळंतपणं. एकदमच."

सभागृह हसलं. बाईही हसल्या.

मग उतार आला. सम्राट फ्रान्झ जोसेफचा भाऊ परमुलखात गोळ्या घालून मारला गेला, मुलानं स्वतःचा जीव घेतला, राणीचा खून झाला. तरी तो म्हातारा पहाटे उठून कामाला बसत राहिला. बाई उभ्या राहून दमल्या तसे संघाचे अध्यक्ष गोटीराम पाटील स्वतः खुर्ची घेऊन पुढे आले. "बसून सांगा बाई. आमाला कसली घाई हाय?"

बसून त्यांनी शेवटचा सम्राट सांगितला. संध्याकाळी राजवाडा सोडून निघालेला, दूरच्या बेटावर लोकांच्या घरात आजारानं गेलेला. "राज्य गेलं," बाई म्हणाल्या. "पण राणीनं... आठ मुलं वाढवली. आठवं तर... तो गेल्यावर जन्मलं."

पूर्वी तिची वाक्यं कशी झरझर येत! आज एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. तरी दिलीपरावांना वाटलं, इतकं चांगलं ती कधी बोललीच नव्हती.

टाळ्या झाल्या. लोक उठू लागले. गोटीरामांनी आभार मानले आणि विचारलं, "पुढल्या टायमाला कोनतं घरानं, बाई?"

आता विश्रांती, असं सांगायला दिलीपराव अर्धवट उठले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"रो..." त्या म्हणाल्या, आणि अडल्या.

कुणीच शब्द पुरा केला नाही. दारापर्यंत गेलेली माणसं परत फिरली आणि एकेक करून पुन्हा खाली बसली.