पहिला मान

टण्ण झालं, आणि त्यामागून घरंगळण्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या फरशीवर वाटीने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि थरथरत थरथरत ती पालथी पडली.

बाहेरच्या खोलीत तो आवाज होता त्याहून मोठा वाटला. केळुसकरांनी कागदावरून मान वर केली. यशराजने केली नाही. त्याची बायको अनुजा मात्र दूध उतू चालल्यासारखी उठली आणि आत धावली.

तेजस्वी ओट्याखाली मांडी घालून बसली होती. चुरमुरे फरशीभर झाले होते.

"पडली," ती म्हणाली.

अनुजाने वाटी उचलली. बारशाला सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, दिलेली, काठावर नाव घातलेली स्टीलची वाटी. एका अंगाला पोचा आलेला. त्यामुळे पडली की ती एकदाच आवाज करून गप्प बसायची नाही, लंगडत लंगडत गोल फिरायची. अनुजाने ती ओढणीने पुसली आणि फळीवर पिठाच्या डब्यामागे सारली.

"माझी वाटी!"

"ताटलीत खा आज."

"मला वाटीतच पायजे."

"तेजू." आवाज चढला नव्हता, पण पोरगी गप्प झाली. ती आपल्या आईच्या हाताकडे बघत राहिली. हात अजून फळीवरच होता.

केळुसकर पुण्याहून आले होते, गाण्याच्या कंपनीकडून. शांत माणूस. आवाज न चढवता बोलायचे, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. सकाळी शाहूपुरीतल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत दोन तास बसून ते आता इथे, फुलेवाडीतल्या या दोन खोल्यांत आले होते. यशराजचं गाणं संक्रांतीला बाहेर पडायचं होतं. ते डिसेंबरातच फुटलं. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गेलं, मेमरी कार्डांवर भरलं गेलं, आणि शिरोळकडच्या कारखान्यांना ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर, माणसाएवढ्या उंच स्पीकरांतून वाजायला लागलं.

"गाणं कुणाकुणाकडे होतं, तर दोघांकडे," केळुसकर म्हणत होते. "तुमच्याकडे आणि ज्यानं रेकॉर्ड केलं त्या चन्नवीरकडे. पुण्यात पुरं केलेलं गाणं दोघांनाही नुसतं ऐकता येईल असं पाठवलं होतं, उतरवून घेता येत नव्हतं. म्हणजे कुणीतरी गाणं वाजत असताना फोन पुढे धरलाय."

"व्हय," यशराज म्हणाला.

"आता संक्रांतीला आम्ही काय बाहेर काढायचं? लोकांनी ऐकून शिळं केलेलं? गाडीवाल्याला विचारलं मी येताना, कुणाचं गाणं हे? तो म्हणाला, उसाचं. तुमचं नावसुद्धा नाही त्यावर."

अनुजा दारात उभी होती, यशराजकडे बघत. बारा वर्षं हा माणूस लग्नाच्या वरातींत दुसऱ्यांची गाणी गात आला होता. आता अख्खा जिल्हा त्याचं गाणं गात होता, आणि त्याला ओळखत कोणी नव्हतं. रस्त्यात ते कानावर पडलं की तो गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचा. फुटलेलं गाणं त्याने एकदाही पुरतं ऐकलं नव्हतं.

अनुजाने ऐकलं होतं. मागच्या सोमवारी, नाक्यावर, तेजूचा हात धरून रस्ता ओलांडायला उभी असताना. ट्रॅक्टर समोरून गेला. पहिला अंतरा संपला, ढोलकी थांबली, आणि त्या मोकळ्या जागेत, साऱ्या रस्त्यावर, टण्ण झालं. मग घरंगळत, लंगडत, गोल गोल.

"आई! माझी वाटी!" तेजू टाळ्या पिटत ओरडली होती.

अनुजाने तिला ओढतच रस्ता ओलांडला होता.

चूक म्हणावी तर किती साधी. गाणं तयार झालं त्या आठवड्यात गारगोटीकडच्या गावाहून आक्कांचा फोन आला होता. सासूबाई म्हणाल्या, "देवाला कवा ऐकवताय?"

"आत्ता न्हाय ऐकवता येत, आक्का. कंपनीचं हाय ते."

"म्हशीचं पयलं दूध देवाला. रानातलं पयलं कणीस देवाला. आन् माझ्या पोराच्या गळ्यातलं पयलं गाणं बाजाराला? काय रीत म्हनायची ही?"

यशराजला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून तिने विचारलं नाही. तो बाहेरच्या खोलीत गाणं पुन्हा पुन्हा लावून ऐकत होता, तिने रेकॉर्डिंग चालू करून ओट्यावर फोन ठेवला. पोळ्या लाटता लाटता. आणि देवळाचा स्पीकर सांभाळणाऱ्या कृष्णाताला पाठवून दिलं. वर लिहिलं, 'भावजी, पालखीच्या आदी देवाम्होरं एकदाच लावा आन् पुसून टाका.'

कृष्णाताने एकदाच लावलं. देवाची शपथ घेऊन सांगत होता बिचारा. पण देवळात देव एकटा नव्हता, माणसंही होती. त्यातल्या एकाने मागितलं, घरातलं गाणं म्हणून कृष्णाताने कौतुकाने दिलं. त्या एकाचा मेव्हणा ट्रॅक्टरवर होता.

"हे ऐका," केळुसकरांनी बॅगेतून छोटा स्पीकर काढून टीपॉयवर ठेवला. "यात एक गोष्ट आहे. मला सकाळपासून खटकतेय."

यशराज काही म्हणायच्या आत गाणं सुरू झालं. पळायला दुसरी गल्ली नव्हती. तो ऐकत बसला. हळूहळू त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली, सवयीने. स्वतःचा आवाज ऐकताना तो नेहमी डोळे मिटायचा, तसे त्याने मिटले.

अनुजाने चौकट धरली. मागून तेजू तिच्या पायाला येऊन चिकटली.

अंतरा संपला. ढोलकी थांबली.

टण्ण.

"माझी..." तेजूने तोंड उघडलं. अनुजाचा तळहात तिच्या ओठांवर बसला.

वाटी फिरत राहिली. एक गिरकी, दुसरी. यशराजची बोटं गुडघ्यावर थांबली होती. त्याने डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. अनुजाच्या तोंडाकडे नाही. पोरीच्या तोंडावर धरलेल्या तिच्या हाताकडे.

केळुसकरांनी गाणं बंद केलं. "ऐकलंत? काहीतरी पडतंय. कप, पेला, असं काही. सकाळी शाहूपुरीत चन्नवीरच्या टेबलावर मी चहाचे स्टीलचे पेले पाहिले."

आता बोलायला हवं होतं. चार दिवस तिने जे मनात घोळवलं होतं ते फार नव्हतं. मी पाठवलं. ह्यांना ठाऊक न्हाय. चन्नवीरभावजींचा काय बी संबंध न्हाय. तीन वाक्यं. चन्नवीर म्हणजे कोण, तर यशराजला कोणी उभं करत नव्हतं तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीच्या मालकाच्या माघारी दुपारच्या दुपार त्याचा आवाज भरून घेणारा. तेजूच्या कानांवर आपले मोठे हेडफोन घालून तिला तिचाच आवाज ऐकवणारा. "वैनी, ह्याचं गाणं कंपनीनं घेतलं की मी शिरोळातनं पेढं आनतो," म्हणणारा, आणि खरोखर आणणारा.

"साहेब," ती म्हणाली.

"चहा तर चन्नवीरच पितो," यशराज म्हणाला.

केळुसकरांनी मान वर केली.

"सारखा?" केळुसकरांनी विचारलं.

"दिवसातनं आठ-धा डाव. पेला हातातच असतोय त्याच्या."

खोटं त्यात काहीच नव्हतं. केळुसकरांनी पेन उघडलं.

"साहेब, त्ये..."

"अनू, साहेबांस्नी पाणी आण."

साहेबांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या होता, शेजारी भरलेलं फुलपात्र होतं. केळुसकरांनी त्या फुलपात्राकडे पाहिलं, मग यशराजकडे, आणि ते पुन्हा लिहायला लागले. "मी त्याला इथेच बोलावलंय," ते कागदाकडे बघत म्हणाले. "निघालाय तो. समोरासमोर झालेलं बरं."

अनुजा आत गेली. नळ सोडला, बंद केला. यशराज मागोमाग आला आणि फ्रिजशी उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला ती इतकं हळू बोलताना पहिल्यांदा ऐकत होती.

"कुणाला धाडलंस?"

"देवाला."

त्याने भिंतीला डोकं टेकलं. आईचा फोन, पालखी, कृष्णात, सगळं त्याला एका शब्दात कळलं, हे तिला दिसलं. तो रागावेल म्हणून ती उभी होती. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

"मी सांगते त्यास्नी. आत्ता सांगते."

"घरातनं फुटलं म्हनल्यावर कंपनी मला ठेवंल व्हय? करारावर सही हाय माझी."

"आन् चन्नवीरभावजी?"

"त्याच्या हातात हुन्नर हाय. त्याला धा जागी काम मिळंल." तो थांबला. "मला दुसरं गाणं न्हाय मिळायचं, अनू."

"त्यांचं नाव खराब हुईल की वो."

त्याने ओट्यावरचा एक रिकामा पेला उचलला, काय उचललं ते पाहिलं, आणि हात भाजल्यासारखा खाली ठेवला. मग शर्ट सारखा करत बाहेर गेला. बाहेरून त्याचा आवाज आला, नेहमीचा, "साहेब, च्या घेनार की न्हाय?"

खाली गल्लीत मोटरसायकल थांबली. तिचा स्टँड लावल्याचा आवाज या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"चन्नूकाका!" तेजू उठली. तिने स्टूल फरफटत फळीखाली ओढलं, वर चढली, आणि पिठाच्या डब्यामागून, जणू मघापासून तेवढंच मनात धरून बसली होती अशी, वाटी बाहेर काढली. अनुजाने तिला अडवलं नाही. हात पुढे गेला होता, तो पोरगी पडू नये म्हणून तिच्या पाठीशी राहिला.

जिन्यावर पावलं वाजायला लागली. चन्नवीर नेहमीसारखा दोन-दोन पायऱ्या चढत होता.

तेजूने वाटी छातीशी धरली होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती, मोठ्या माणसांनी आपल्या वस्तूचं नाव चुकवलं म्हणून पडते तशी.

"त्यो पेला न्हाय काय, आई. वाटी हाय. मी पाडलीती," ती म्हणाली. "चन्नूकाकाला सांगू?"