लंगडा मोर

कासार आळीत जे सलग तीन दिवस तसंच्या तसं दिसायचं, ते चौथ्या दिवशी दिसेनासं व्हायचं. म्हणून पुरुष भांग बदलत, दारांना सारखे नवे रंग लागत आणि बायका रोज नवी रांगोळी काढत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. द्वारकाबाईंना मात्र वाटे. बाई मुलखाची हट्टी.

त्यांची लेक कुमुद लहानपणी दारात मोर काढायची, तोही एकाच पायाचा. दुसऱ्या पायापर्यंत धीरच नसायचा पोरीला. अकरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेली तेव्हा म्हणाली, "दारात माझा मोर दिसला, तरच आत येईन."

त्या दिवसापासून द्वारकाबाई रोज तोच मोर काढत होत्या. चौथ्या दिवशी मोर दिसेनासा झाला. मग त्याच्यापाठोपाठ उंबरा गेला, दार गेलं, दिवाळीपर्यंत सगळं घर गेलं. भिंतीवरचा कुमुदचा फोटो त्या रोज बघायच्या, तोही कोरा झाला. समोरच्या पेठेकाकू रिकामी जागा समजून त्यांच्या स्वयंपाकघरात पापड वाळत घालू लागल्या.

"अगं, एक दिवस कमळ काढ," नवरा काठीने भिंत चाचपत म्हणायचा. "मला माझं दार सापडत नाही."

"हाताने शोधा. पन्नास वर्षं राहताय की इथे."

"लोक म्हणतात, इथे घर नव्हतंच कधी."

"लोक गेले खड्ड्यात."

मंगळवारी सकाळी सडा झाला, बोटांच्या सवयीने मोर काढून झाला. अंगणात कुणी नव्हतं. तरी रांगोळीची वाटी हलली. त्यातून एक चिमूट वर उचलली गेली आणि मोराच्या दुसऱ्या पायाच्या जागी येऊन थांबली. ती जागा आळीत माय-लेकी दोघींनाच ठाऊक होती.

द्वारकाबाई त्या चिमटीकडे वळल्या. "जराही बदलली नाहीस गं," त्या म्हणाल्या. "म्हणून दिसत नाहीस."

"आई, दुसरा पाय काढते. घर दिसायला लागेल."

"काढायचा नाही. मोर आहे तसा राहील, आणि तूही."

"कुणाशी बोलतेस?" आतून नवऱ्याने विचारलं. काठी दार शोधत होती.

द्वारकाबाईंनी हात पुढे करून लेकीचं न दिसणारं मनगट घट्ट धरलं. मनगट गरम होतं. चिमूट मात्र सुटायला तयार नव्हती.