विरूपाक्षचा डावा हात आणि मी

लिंगायत माणसाच्या गळ्यात शिवदाऱ्याला अडकवलेली रुप्याची डबी तुम्ही पाहिली असेल. आत इष्टलिंग असतं, म्हणून लोक डबीलाही हात जोडतात. ती डबी मी. आमच्या भागात मला करडगी म्हणतात. देव आत, मी नुसती बाहेरची. माझं कोण ऐकणार, असं दहादा मनात आलं, तरी बोलतेय.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, उदगीरच्या एका सोनाराकडचा. लोक घरातलं रुपं मोडायला येत होते आणि रेणापूरचे किराणा दुकानदार गुरुपादप्पा एकटेच घडवायला आले. धाकट्या मुलाची, विरूपाक्षची, लिंगदीक्षा होती. त्यांच्या आईनं, गंगम्मानं, पायातले तोडे काढून दिले होते. "पाऊस न्हाई म्हणून पोराला देव न्हाई का?" असं म्हणत. माझ्यातला हट्ट त्या तोड्यांतूनच आला असावा.

तेव्हापासून मी विरूपाक्षच्या छातीवर. रोज अंघोळ झाली की तो मला उघडायचा, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्या हातानं भस्म लावून बेल वाहायचा. ही पूजा ज्याची त्यानं करायची असते. त्याच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही आणि तळहातावरून ते पडू द्यायचं नाही. विरूपाक्षची बोटं लहानपणापासूनच जरा धांदरट. सदऱ्याच्या गुंड्यांशी त्याची रोज झटापट चालायची. पण पूजेत लिंग कधी हललं नव्हतं.

मग दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. गावभर पाट्या बदलायची घाई. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहायचं काम विरूपाक्षकडं आलं, कारण घरात अक्षर त्याचं चांगलं. शिडीवर चढून तो रंगवू लागला, तर उजव्या हातात ब्रश चाले तसा त्याचा रिकामा डावा हातही हवेत तेच गिरवू लागला.

"काय रं, दोन पाट्या रंगवून राहिला का?" शेजारचे साहेबराव खालून म्हणाले. सगळे हसले.

एक माणूस हसलं नाही. विरूपाक्षची वहिनी महादेवी. देगलूरची लेक, मॅट्रिक झालेली, कडेवर दीड वर्षाची उमी. काळजी करण्यात या बाईचा हात कुणी धरणार नाही. उमी शिंकली की हिच्या मनात थेट न्यूमोनिया यायचा आणि घटकाभरानं स्वतःचंच हसू यायचं. त्या दिवशीही ती स्वतःला म्हणाली, "तुला काय, सावली दिसली तरी साप वाटतो."

पण मग पूजेतही तसंच होऊ लागलं. उजव्या हातानं बेल उचलला की डाव्याची बोटं आपोआप मिटायची आणि लिंग तळहातावर डुलायचं. गुरुपादप्पांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"संचार हाय," ते म्हणाले. "देव पोराच्या हातात खेळून राहिला."

दिवाळीत त्यांनी गिऱ्हाइकांना आत बोलावून तो हात दाखवला. कुणीकुणी विरूपाक्षच्या पाया पडलं. तो दुपारपर्यंत पूजेतून उठेना, जेवेना. लोकांना ती भक्ती वाटली. मी त्याच्या छातीला टेकलेली. तिथं भक्ती नव्हती, भीती होती. नव्या कलेक्टर कचेरीतली माणसं आपल्या मनातलं वाचतात आणि मोठ्यानं बोलून दाखवतात, असं तो पुटपुटायचा. ती माणसं दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हती.

एकदा उमी एका हातानं फुटाणा उचलत होती आणि तिच्या दुसऱ्या हाताची चिमूट रिकामीच मिटत होती. महादेवी जागच्या जागी बसली. हे घराण्याचंच आहे का? आपल्या पोटातून पुढं चाललंय का? नवरा गुंडप्पा माल आणायला गेलेला. तिनं सासूला सांगितलं, "आत्या, चार दिवस माहेरी जाऊन येते. सोबतीला भाऊजी येतील." आणि देगलूरला जायच्या आधी ती नांदेडला उतरली, मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडं.

डॉक्टरांनी विरूपाक्षशी बराच वेळ नुसत्या गप्पा मारल्या. मग डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. मग टेबलावर मूठ, हाताची कड, तळहात, असं ओळीनं आपटायला लावलं. दोन फेऱ्यांत त्याचा क्रम चुकला. मिटल्या डोळ्यांनी हातात दिलेली किल्ली त्याला ओळखता आली नाही.

"हे बारीक दोष आहेत," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट माणसांतही कधीकधी सापडतात. नसलेले आवाज ऐकू येण्याच्या या आजारात जरा जास्त दिसतात, अगदी पहिली गोळी घ्यायच्या आधीपासून. पण आजार मी हातावरून ठरवत नाही. तो यांच्या बोलण्यावरून कळतोय. औषधानं उतार पडेल."

महादेवीनं उमीचा हात पुढं केला. "हिचंबी असंच होतं."

"या वयात सगळ्याच पोरांचं होतं."

"आणि माझे आत्ता दोन्ही हात थरथरून राहिलेत ते?"

"ती काळजी आहे. तिच्यावर माझ्याकडं गोळी नाही."

महिन्या-दीड महिन्यात कचेरीतली माणसं गप्प झाली. विरूपाक्ष दुकानात बसू लागला, साखर तोलू लागला. गोळीनं सुरुवातीला हात थोडा थरथरू लागला. डॉक्टरांनी मात्रा कमी केल्यावर ते कमी झालं. डाव्या हाताचं नक्कल करणं मात्र होतं तसं राहिलं.

श्रावणात गावात स्वामी येणार होते. सगळ्यांनी ओळीत बसून इष्टलिंगपूजा करायची ठरली. आदल्या दिवशी गुरुपादप्पा मुलासमोर येऊन उभे राहिले.

"गोळ्यानं हात गेला पोराचा. संचारबी गेला. आजपासून गोळ्या बंद. आणि हात सावरंस्तोवर करडगी देव्हाऱ्यात राहू दे. चारचौघांत लिंग पडलं तर तोंड कुठं दाखवू?"

त्यांनी माझा शिवदारा धरला. विरूपाक्षनं मान खाली घातली. दाराशी महादेवी उभी होती.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"दिवाळीत लोकांना बोलावून तुम्ही संचार दाखवला. तवा गोळी कुठं होती?"

गुरुपादप्पांनी शिवदारा सोडला नाही.

"तवाबी हीच बोटं मिटत होती. तवा देवाचं म्हणलात, आता गोळीचं म्हणून राहिलात. हात तर तोच हाय."

"सासऱ्याला उलटं बोलती," आतून तिची सासू मल्लम्मा म्हणाल्या.

"बोलते, आत्या. गोळी बंद झाली आणि ती माणसं परत आली, तर करडगी राहील आणि घालायला गळा राहणार न्हाई."

मग विरूपाक्षनं मान वर केली आणि बापाच्या बोटांतून शिवदारा सोडवून घेतला. वेळ लागला, कारण त्याची बोटं ती तशी.

"अप्पा, हे माझं हाय."

"पडलं तर?"

"मांडीवर शाल ठेवून तिच्यावर हात टेकवीन. पडलं तर शालीवर पडंल, आणि मीच उचलीन. गोळी खाऊनच येणार हाय मी."

दुसऱ्या दिवशी तो तसाच बसला. बेल वाहताना लिंग डुललं. मागं कुजबुज झाली, दोघंतिघं उठून बघायला आले. या वेळी कुणी पाया पडलं नाही. इतरांची पूजा आटोपली, माणसं प्रसादाला उठली. विरूपाक्षचा अजून निम्मा बेल शिल्लक होता. शेजारी गुरुपादप्पा बसून होते. त्यांची पूजा कधीच झाली होती, पण तळहातावरचं लिंग त्यांनी आत ठेवलं नव्हतं. पोराचं शेवटचं पान वाहून होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

संचार होता की आजार, यावर ते आजही बोलत नाहीत. मी बोलते. हात वेगळा चालताना दिसला तर पाया पडू नका आणि हसूही नका. माणसाला डॉक्टरकडं न्या, आणि त्याचं जे आहे ते त्याच्याजवळ राहू द्या. मला देव्हाऱ्यात ठेवायचा विचार अजूनही कुणाच्या मनात असेल, तर त्यानं आधी विरूपाक्षला विचारावं. मी या गळ्यातून उतरणार नाही.